दीनबंधूकार लोखंडे आणि गिरणीचा रविवार

रविवार हा सुट्टीचा दिवस, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ही सुट्टी कोणी तरी मागून घेतली असेल, तिच्यासाठी सभा भरल्या असतील आणि अर्ज कित्येक वर्षे धूळ खात पडले असतील, असे मनातही येत नाही. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये रविवारी बंद ठेवण्याचा प्रघात कंपनी सरकारच्या अमदानीपासूनचा आहे. साहेबाला त्या दिवशी चर्चमध्ये जावयाचे असे, म्हणून त्याच्या कारकुनालाही घरी बसावयास मिळे. परंतु कचेरीच्या कारकुनाला जे आपोआप मिळाले, ते गिरणीतील साचेवाल्याला मिळाले नव्हते. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस पाठ टेकावयास मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जूनच्या १० तारखेस मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने आपल्या सभेत दर रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचा ठराव केला. या ठरावामागे सहा वर्षांची चळवळ होती, आणि त्या चळवळीमागे एक लहानसे मराठी वर्तमानपत्र होते. पत्राचे नाव ‘दीनबंधु’ आणि त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणण्याचा परिपाठ आहे. तो योग्यच आहे. परंतु ते मूळचे वर्तमानपत्रकर्ते होते, आणि त्यांची चळवळ हा त्यांच्या पत्रकारितेचाच विस्तार होता, ही गोष्ट त्या गौरवात थोडी झाकली जाते. गरिबी ही दैवाची गोष्ट नसून ती कामाचे तास, पगाराची तारीख, दंडाची रक्कम आणि अपघातानंतरची उपासमार अशा मोजता येणाऱ्या गोष्टींची बनलेली आहे, आणि मोजता येते ते कायद्याने बदलताही येते, हा विचार मराठी वृत्तपत्रसृष्टीत ज्यांनी प्रथम रुजविला, त्यांत लोखंडे अग्रभागी होते.

या विचाराला जागा करून देणारे शहर म्हणजे मुंबई. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये तेथे कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा सट्टा तेजीत आला, १८६५ मध्ये तो कोसळला. पण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ताडदेव, परळ, भायखळा या भागांत धुराड्यांचे रानच उभे राहिले. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून, घाटावरून आणि कोकणपट्टीतून माणसे येत राहिली. कोणाची जमीन सावकाराकडे गेलेली, कोणाच्या घरी भावांत वाटणी होऊन हाती काही न उरलेले, तर कोणी दुष्काळाने बाहेर पडलेले. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या महादुष्काळाचा काळ होता हे लक्षात घेतले म्हणजे गिरणीच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला अटी घालण्याचे बळ का नव्हते, हे सहज समजते.

गिरणीचा दिवस सूर्याच्या हिशेबाने चाले. विजेचे दिवे अद्याप आलेले नव्हते, म्हणून उजाडले की काम सुरू आणि मावळले की बंद. हिवाळ्यात त्यामुळे दिवस आखूड होई आणि उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला जाई. दुपारची विश्रांती मालकाच्या मर्जीवर. सुट्ट्या म्हणजे वर्षातील ठरीव सण. एरवी साचे थांबले तर ते पुसून स्वच्छ करण्यासाठी, आणि ते पुसावयास माणूस तोच. पगार महिना उलटून गेल्यावर कित्येक दिवसांनी हाती पडे. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि उधारीवरचे व्याज. कामावर घेणारा, काढणारा आणि रजा देणारा मुकादम. त्याचा हात ओला केल्यावाचून काही हलत नसे. कापडात दोष निघाला की दंड, आणि एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी होती. सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका आणि चात्यांजवळ लहान मुले काम करीत. हा सारा कारभार शहराच्या डोळ्यांदेखत चालला होता. परंतु शहरातील शिष्ट वर्तमानपत्रांच्या दृष्टीने त्यात बातमी अशी काही नव्हती.

‘दीनबंधु’ पत्राचा जन्म मात्र मुंबईत झाला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचे म्हणणे मांडण्यास स्वतःचे पत्र हवे, या जाणिवेने कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. वाचक बहुतेक शेतकरी व कारागीर वर्गातील. त्यांतल्या ज्यांना वाचता येई ते थोडे, आणि ज्यांना वर्गणी भरता येई ते त्याहून थोडे. भालेकरांनी पदरमोड करून पत्र चालविले, पण कर्ज वाढत गेले. अखेर १८८० मध्ये पत्र मुंबईस आले आणि त्याची धुरा लोखंडे यांनी उचलली. रामजी संतूजी आवटे यांच्यासारखे सत्यशोधक कार्यकर्ते त्यांच्या सोबतीस होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे, एका गरीब माळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मांडवी येथील एका गिरणीत ते भांडारपाल म्हणून लागले. ही नोकरी त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली. भांडारपाल हा मालकाचा विश्वासू माणूस असतो; पण त्याचे टेबल कारखान्याच्या आवारात असते. भोंगा केव्हा वाजतो, माणसे केव्हा आत येतात, पगाराचा दिवस किती वेळा पुढे ढकलला जातो, पट्ट्यात हात सापडलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गिरणीविषयी लिहिणारे इतर लोक भागधारकांच्या सभेचे वृत्त वाचून लिहीत. लोखंडे यांनी गिरणी आतून पाहिली होती.

संपादक या नात्याने त्यांची कसोटी फार लवकर लागली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या गुरूनेच घेतली. जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहीत होते. शेतसारा, जंगल खाते, सावकारी आणि नोकरशाही यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याची ती जळजळीत कैफियत होती. तिची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’मध्ये छापून आली आणि पुढील भाग छापणे लोखंडे यांनी थांबविले. जोतीरावांना याचा राग आला, आणि आपल्यातही भित्रे छापखानेवाले आहेत असा टोला त्यांनी लेखी मारला. ग्रंथ १८८३ मध्ये पुरा झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तो लक्षपूर्वक ऐकून घेतला आणि लेखकास द्रव्याचे साहाय्य केले, याचा कृतज्ञ उल्लेख जोतीरावांनी केला आहे.

या प्रसंगात लोखंडे यांची बाजू पडती दिसते, आणि ती तशी मान्यही केली पाहिजे. परंतु त्या काळाचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा नुकताच रद्द झाला होता. आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल कारावास घडला होता. त्यांच्यामागे पुण्याचा सुशिक्षित वर्ग उभा होता. ‘दीनबंधु’मागे असे पाठबळ नव्हते. विशेष म्हणजे मतभेद होऊनही गुरुशिष्यांचे नाते तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली, त्या समारंभाच्या मागे मुंबईचे जे सत्यशोधक होते त्यांत लोखंडे प्रमुख होते. जोतीराव वादळ उठविणारे होते; लोखंडे एकेक मागणी हाती घेऊन ती कागदावर मांडणारे आणि दारोदार फिरविणारे होते. चळवळीला दोन्ही प्रकारची माणसे लागतात.

गिरणी कामगारांचा प्रश्न हाती घेताना लोखंडे यांच्यापुढे एक मोठी अडचण होती. ती समजून घेतल्यावाचून त्यांच्या धैर्याची किंमत कळत नाही. कारखान्यांच्या कायद्याची मागणी हिंदुस्थानात प्रथम निघाली तेव्हा तिला इंग्लंडातून पाठिंबा मिळाला. त्या पाठिंब्यात लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारखे दयाळू सुधारक होते, तसे मँचेस्टर व लँकेशायरचे गिरणीवालेही होते. मुंबईत मजूर चौदा तास राबतो आणि आपल्याकडे कायदा आडवा येतो, तेव्हा मुंबईलाही कायद्याने बांधा, असा त्यांचा उघड हिशेब होता. त्याच सुमारास, १८७९ आणि १८८२ मध्ये, विलायती कापडावरील जकात आधी अंशतः व मग पूर्णपणे उठविण्यात आली होती. त्यामुळे देशातील नव्या धंद्याच्या मुळावर मँचेस्टर उठले आहे, हा संशय निराधार नव्हता. राष्ट्रीय पक्षाच्या अनेक पत्रांनी, त्यांत पुण्याचा ‘मराठा’ व कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ यांचाही समावेश होता, कारखाना कायद्याला विरोध केला. देशी धंदा वाढू द्या, मजुराचे भले त्यातच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

अशा वेळी मजुराची बाजू घेणाऱ्या माणसाला परक्याचा हस्तक म्हणणे सोपे होते. पण लोखंडे यांच्या भूमिकेचे तर्कशास्त्र सरळ होते. मँचेस्टरच्या मनात काय आहे हा मँचेस्टरचा प्रश्न; परळच्या चाळीत राहणारा माणूस दमला आहे की नाही, हा परळचा प्रश्न आहे. धंदा देशी असला म्हणून त्यातला थकवा देशी ठरून हलका होत नाही. राष्ट्राच्या संपत्तीचा विचार करताना ती संपत्ती ज्यांच्या श्रमातून निघते त्यांना राष्ट्रात धरावयाचे की नाही, हा मुद्दा या वादाच्या तळाशी होता. पुढे अर्धशतकभर हा वाद निरनिराळ्या रूपांनी चालत राहिला. त्याचा पहिला अध्याय मुंबईत लिहिला गेला.

या विषयात लोखंडे यांच्या आधी एका पारशी गृहस्थांनी पाऊल टाकले होते, त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी बालमजुरांची दशा पाहून १८७८ मध्ये कायद्याचा एक मसुदा तयार केला. त्यापूर्वी १८७५ मध्ये मुंबई सरकारने एक कमिशन नेमले होते, पण त्यातील बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरजच वाटली नव्हती. अखेर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना रोज एक तास विश्रांती व महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्या, एवढाच त्याचा आवाका होता. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

या कायद्याचा पुनर्विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये मुलक यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे कमिशन नेमले. कमिशनापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार. मजुराच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न होता. लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात कामगारांच्या सभा बोलाविल्या. मुंबईच्या कामगारांनी आपल्या मागण्या एकत्र बसून ठरविण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता. या सभांतून जे निवेदन तयार झाले त्यावर साडेपाच हजार कामगारांची संमती नोंदली गेली, आणि ते कमिशनास सादर झाले. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था याच खटपटीतून निघाली.

निवेदनातील मागण्या पाच होत्या. पहिली, दर रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी. दुसरी, रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. चौथी, एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. पाचवी, काम करताना गंभीर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

या मागण्यांकडे आज पाहताना त्यांतील नेमस्तपणाने मन चकित होते. पगारवाढ मागितलेली नाही. आठ तासांचा दिवस मागितलेला नाही. पगार वेळेवर द्या ही मागणीसुद्धा पुढच्या महिन्याच्या पंधरवड्यापर्यंत थांबण्याची तयारी दाखवून केलेली आहे. म्हणजे त्या काळी पगार किती उशिरा होत असेल याची साक्ष ती मागणीच देते. पण प्रत्येक मागणीच्या मुळाशी एक नेमके दुखणे आहे. पगाराची तारीख म्हणजे वाण्याच्या व्याजाचा प्रश्न. साडेसहाची वेळ म्हणजे चाळीतून अंधारात निघणाऱ्या बाईच्या चुलीचा प्रश्न. दुखापतीचा पगार म्हणजे एका हातासरशी अख्खे कुटुंब रस्त्यावर येण्याचा प्रश्न. आणि रविवार हा तर खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या माणसाला त्या दिवशी देवाला, नातलगाला आणि स्वतःच्या मुलाबाळांना भेटावयाचे असे. कळकळीच्या शब्दांनी भरलेली कैफियत देऊन भागणार नाही, सरकारच्या कागदात बसेल अशी कलमे दिली पाहिजेत, हे या संपादकाने ओळखले होते.

कमिशनाने अहवाल दिला आणि तो दप्तरी पडला. मुंबईत कामगारांची गाऱ्हाणी तशीच राहिली. पण ‘दीनबंधु’ने तो विषय सोडला नाही. लोखंडे यांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. ज्या काळात शिकल्या-सवरलेल्या घरची बाई सार्वजनिक सभेत बसणे हीच चर्चेची गोष्ट होती, त्या काळात गिरणीतल्या बाईने दहा हजार माणसांपुढे आपले म्हणणे मांडले. सभेने साप्ताहिक सुट्टीचे निवेदन थेट गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविले, आणि १० जून रोजी संघाने ते मान्य केले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव फुले निवर्तले.

मालकांचे मन एकाएकी का वळले, याचे उत्तर एकाच कारणात सापडत नाही. कामगारांची वाढती एकजूट हे एक कारण होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रांची कामगार परिषद भरली होती आणि तिच्या ठरावांमुळे हिंदुस्थानातही नवा कायदा येणार अशी चिन्हे दिसत होती. कायदा येण्यापूर्वी काही गोष्टी आपणहून देणे शहाणपणाचे, हे धंदेवाल्या माणसाला कळते. पण देण्याची वेळ आली तेव्हा नेमके काय द्यावयाचे, हे सहा वर्षांपूर्वीच्या निवेदनात पहिल्याच ओळीत लिहून ठेवलेले होते.

पुढे १८९० मध्येच हिंदुस्थान सरकारने लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना कमिशन नेमले. सोराबजी बंगाली त्याचे सभासद होते, आणि मुंबईपुरते स्थानिक सहसभासद म्हणून लोखंडे यांना घेण्यात आले. गिरणीचा एक जुना भांडारपाल सरकारी कमिशनाच्या मेजाशी बसला. १८९१ चा कायदा त्यातून आला. पन्नास माणसांपर्यंतचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि त्यांचे काम सात तासांवर आले. स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर बांधला गेला. सर्वांना अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टी मिळाली.

पाच मागण्यांपैकी दोन सात वर्षांत पदरात पडल्या. उरलेल्या तिन्हींचा हिशेब मात्र फार लांबला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कापड गिरण्यांपुरती पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली, तीही बारा तासांची. मध्यंतरी विजेचे दिवे आले होते आणि सूर्यास्ताचा आडोसाही नाहीसा झाला होता. कामावर दुखापत झाल्यास भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये झाला. वेळेवर पगार देण्याचा कायदा होण्यास १९३६ साल यावे लागले. म्हणजे साडेपाच हजार माणसांनी १८८४ मध्ये जे मागितले, त्यातील शेवटचे कलम कायद्यात यावयास बावन्न वर्षे लागली. निवेदन करणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोपर्यंत या जगात नव्हते.

लोखंडे यांच्या कार्यास मर्यादा होत्या, आणि त्या झाकून त्यांचा गौरव वाढत नाही. त्यांच्या असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, ते केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या मजुरास सल्ला देतात, असा शेरा १८९२ सालच्या सरकारी अहवालात आहे. शेरा वस्तुस्थितीला धरून आहे. वर्गणी भरणारी, संप पुकारणारी, मालकाशी करार करणारी कामगार संघटना मुंबईत पुढे कित्येक वर्षांनी आली. लोखंडे यांचा भर अर्जावर आणि सरकारच्या न्यायबुद्धीवर होता. सरकारने त्यांना रावबहादूर केले, आणि त्यांनी ती पदवी स्वीकारली. पुढील पिढीच्या लढाऊ कामगार पुढाऱ्यांना हा मार्ग मिळमिळीत वाटला असल्यास नवल नाही. परंतु ज्या मजुराजवळ मुकादमाला देण्यास दोन पैसे मोठ्या मुश्किलीने उरत, त्याच्याकडून मासिक वर्गणी कोठून येणार? यादी नसताना साडेपाच हजार आणि पुढे दहा हजार माणसे एका शब्दावर जमली, ही गोष्ट त्या शेऱ्यात आलेली नाही. ज्याच्याकडे मजूर सल्ला विचारावयास जातो, त्याच्याजवळ कोणती तरी यादी असतेच. ती कागदावर नसते एवढेच.

गिरणी हाच काही त्यांचा एकमेव विषय नव्हता. विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निश्चय १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक मंडळींनी सभा घेऊन केला, त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. एका सामाजिक अन्यायाचे हत्यार ज्यांच्या हातून चालते त्यांनीच ते खाली ठेवावे, ही कल्पना कामगाराच्या संघशक्तीची जाण असलेल्या माणसालाच सुचणे शक्य होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा कामगार वस्तीत सलोखा राखण्याच्या कामी ते झटले. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगची साथ आली. ज्याला गाव होते तो गावाकडे पळाला. लोखंडे मुंबईतच राहून रोग्यांच्या सेवेच्या व्यवस्थेत पडले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. सुमारे एक महिन्याने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांनाही प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा करताना मरण आले.

‘दीनबंधु’ त्यांच्यामागेही चालत राहिले. बडोद्यास काही वर्षे ग्रंथपाल असलेले वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनी पुढे त्याचे संपादन केले, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची सांभाळली. मराठीत वृत्तपत्राचे संपादन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. बडोद्यासच दामोदर सावळाराम यंदे यांनी ‘बडोदा वत्सल’ चालवून सत्यशोधक विचाराला आश्रय दिला होता. मुंबईच्या गिरणगावात पेटलेला दिवा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही असा तेवत राहिला. परळच्या राज्य कामगार संस्थेस पुढे लोखंडे यांचे नाव देण्यात आले, आणि भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी तरुणपणी चाकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर त्यांची मुद्रा उमटली.

आज परळच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या आहेत आणि धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. परंतु आठवड्यातून एक दिवस पाठ टेकण्याचा प्रश्न गिरण्यांबरोबर संपलेला नाही. दुकाने व उपाहारगृहे यांतील नोकरांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी १९४२ मध्ये निराळा कायदा करावा लागला. दुसऱ्याच्या घरी धुणेभांडी करणारी बाई, थळातून थळात फिरणारा ऊसतोड मजूर, वस्तू घरपोच आणून देणारा तरुण, यांतील अनेकांचा रविवार आजही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. त्यांच्यासाठी कोणते कलम लिहावयाचे, हे ठरविण्यापूर्वी कोणी तरी त्यांच्या दिवसाचे तास मोजले पाहिजेत, त्यांच्या पगाराची तारीख विचारली पाहिजे आणि ते उत्तर छापले पाहिजे. दीनबंधूकार लोखंडे यांनी मुंबईत केले ते एवढेच, आणि रविवारी सकाळी वर्तमानपत्र उघडून निवांत बसणाऱ्या वाचकाने त्यांची आठवण ठेवावयाची ती यासाठी.